कार्बनचं नाक तिखट आहे, पण वास कुणाचा ते त्याला कळतं का?

अणुरेणू · रविवार, सकाळी ११:२०

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी बातमी डकवली होती: ग्राफीनच्या (एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याच्या) सेन्सरला वायूचा एकेक रेणू कळतो, आता गॅसगळतीची चिंता मिटली. खाली प्रतिसादांचा पाऊस पडला होता. विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे (वायू-सेन्सरवर संशोधन करते), म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कार्बनच्या नॅनोपदार्थांना अतिसूक्ष्म प्रमाण कळतं की नाही, हा प्रश्न केव्हाच सुटलाय. काम अडलंय ते दोन ठिकाणी. एक म्हणजे नेमका कुठला वायू आला हे ओळखणं, आणि दुसरं म्हणजे एकदा चिकटलेला वायू सोडून पुन्हा कोरं होणं. बातम्या मात्र फक्त पहिल्या, सुटलेल्या प्रश्नाच्या येतात.

थोडा इतिहास. १९९१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या एकात एक बसलेल्या नळ्यांचं, म्हणजे नॅनोट्यूबचं, वर्णन प्रसिद्ध केलं. १९९३ मध्ये एकाच भिंतीच्या नळ्या मिळाल्या, एकाच वेळी इजिमांच्या गटाला आणि अमेरिकेत आयबीएमच्या गटाला. अशा नळीचा व्यास साधारण एक-दोन नॅनोमीटर असतो आणि तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. आत लपलेलं काहीच नाही. त्यामुळे बाहेर कुठलाही रेणू येऊन बसला की नळीतून वाहणाऱ्या विजेवर परिणाम होणारच.

हे दाखवून दिलं ते स्टॅनफर्डमध्ये जिंग काँग, होंगजिए दाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००० साली. एकच अर्धवाहक नळी, दोन्ही टोकांना धातूचे संपर्क, एवढाच सेन्सर. २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) नायट्रोजन डायऑक्साइड सोडल्यावर काही सेकंदांत नळीची वाहकता हजारपटीपर्यंत वाढली. एक टक्का अमोनिया सोडल्यावर दोनेक मिनिटांत ती शंभरपटीने घटली. आणि हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला.

कारण असं. हवेत ठेवलेल्या अर्धवाहक नळीत वीज वाहते ती मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमुळे, म्हणजे 'होल'मुळे. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रिकाम्या जागा वाढतात, रोध (विजेला होणारा अडथळा) घटतो. अमोनिया उलट इलेक्ट्रॉन देतो, जागा भरतात, रोध वाढतो.

आता त्याच शोधनिबंधातली बातमीत न येणारी गोष्ट. वायू बंद केल्यावर नळी मूळ स्थितीला यायला सुमारे बारा तास लागले. लवकर हवं असेल तर २०० अंश सेल्सिअसला तासभर तापवावं लागत होतं. पहिल्या दिवसापासून ही अडचण डोळ्यांसमोर होती, आणि आजही माझ्या टेबलावर तीच आहे.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

सोल्डरगन · रविवार, दुपारी १:०५

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी फावल्या वेळात सर्किटं करतो. एमक्यू-१३५ वगैरे स्वस्त सेन्सर वापरलेत. तेही पृष्ठभागावर वायू बसला की रोध बदलतो याच तत्त्वावर चालतात ना? मग कार्बनने नवीन काय आणलं?

अणुरेणू · रविवार, दुपारी २:४०

तत्त्व जवळचंच आहे. एमक्यू मालिकेतल्या बहुतेक सेन्सरांत टिन ऑक्साइडचा थर असतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात या कल्पनेवरून घरगुती गॅस अलार्म बनवले आणि फिगारो कंपनी उभी केली. आजही घराघरांतल्या एलपीजी अलार्मांत बहुधा तेच वंशज बसलेले असतात. पण टिन ऑक्साइड थंड असताना सुस्त असतो. त्याला दोनशे ते चारशे अंशांवर तापवावं लागतं, म्हणून आत हीटर. तुमचा एमक्यू हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. पाऊण-एक वॅट सतत त्यातच जाते. बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचा असेल, कपड्यावर किंवा कागदाच्या लेबलवर बसवायचा असेल, तर हे परवडत नाही. कार्बन खोलीच्या तापमानाला, मायक्रोवॅटमध्ये काम करतो. खरा फायदा हा आहे. जास्त संवेदनशील असणं हा त्या मानाने दुय्यम फायदा.

एमक्यू-१३५ वर कार्बन डायऑक्साइडचे पीपीएम दाखवणारे प्रोजेक्ट यूट्यूबवर पुष्कळ आहेत. त्या आकड्यांवर विसंबू नका. तो सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, बेंझीन, धूर सगळ्यांनाच प्रतिसाद देतो. खोलीत माणसं वाढली की आकडा वाढतो हे खरं, पण तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही.

शंकासुर · रविवार, संध्याकाळी ६:१५

'एकेक रेणू कळतो' हे तरी खरं आहे का? की तीही बातमीची फुगवाफुगवी?

अणुरेणू · रविवार, रात्री ९:३०

खरं आहे, आणि प्रयोग फार सुंदर आहे. २००७ मध्ये मँचेस्टरला, जिथे २००४ साली ग्राफीन वेगळं काढलं गेलं आणि ज्या कामाला २०१० चं भौतिकीचं नोबेल मिळालं, त्याच गाइम-नोव्होसेलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत. ग्राफीनवर अतिविरळ नायट्रोजन डायऑक्साइड सोडला, आणि रोधाचा आलेख सरळ न चढता पायऱ्यापायऱ्यांनी चढला. एक पायरी म्हणजे एका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, म्हणजे एक रेणू.

पण तो प्रयोग कुठल्या परिस्थितीत झाला तेही बघा. काही मायक्रॉनचा तुकडा, आधी तापवून स्वच्छ केलेला, निर्वात कक्षात ठेवलेला, आणि भोवती १० टेस्ला चुंबकीय क्षेत्र. तत्त्वाची सीमा कुठे आहे हे दाखवायला असा प्रयोग लागतोच. त्यावरून स्वयंपाकघरात लावायचा अलार्म तयार झाला असं म्हणता येत नाही, आणि त्या शास्त्रज्ञांनी तसा दावा केलाही नव्हता.

यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका गटाने विचारलं: आपण प्रतिसाद मोजतोय तो नक्की ग्राफीनचा का? उपकरण बनवताना लिथोग्राफीसाठी (सूक्ष्म नक्षी कोरायला) पॉलिमरचा थर देतात. तो धुतला तरी नॅनोमीटरभर जाडीचा पापुद्रा उरतो. त्यांनी हायड्रोजन-आर्गॉनमध्ये ४०० अंशांना तापवून तो काढून टाकला आणि पुन्हा मोजलं. साफ केलेल्या ग्राफीनचा बाष्पांना मिळणारा प्रतिसाद फारच कमी निघाला. म्हणजे रेणू धरून ठेवायचं काम बऱ्याच अंशी तो उरलेला पापुद्रा करत होता.

नळ्यांचंही तसंच. निर्दोष नळीच्या भिंतीला अमोनिया जेमतेम चिकटतो असं सैद्धांतिक गणितं सांगतात. तरी प्रयोगात प्रतिसाद मिळतो, तो कधी भिंतीतल्या दोषांमुळे, कधी आधीच बसलेल्या पाण्यामुळे, तर कधी नळी धातूला टेकते त्या संपर्काच्या जागी काहीतरी बदलल्यामुळे. मूळ बदल नळीत की संपर्कात, यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. बर्कलीच्या गटाने २००० मध्येच दाखवलं होतं की नुसता हवेतला ऑक्सिजनसुद्धा नळ्यांचे विद्युत गुणधर्म जाणवण्याइतके बदलतो.

आणि मिथेन, कार्बन मोनॉक्साइड? शुद्ध नळीला त्यांचा जवळजवळ पत्ताच लागत नाही. खाणीत आणि घरात ज्या वायूंनी माणसं दगावतात त्यांतले हे दोन. त्यामुळे 'कार्बन नॅनोट्यूब सगळे वायू ओळखते' असं कुठे वाचलंत तर तिथेच थांबा.

निवृत्त मास्तर · सोमवार, सकाळी ७:५०

ताई, फार दिवसांनी मराठीत असं काही वाचायला मिळालं. चाळीस-एक वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून एक भर घालतो.

नॅनोकार्बनच्या गोष्टीत आपल्या पवईच्या आयआयटीचा धागा आहे. प्रा. महेश्वर शरॉन यांच्या गटाने तिथे कापरापासून कार्बनचे थर बनवून त्यांच्या सौरघटासाठीच्या उपयोगावर काम केलं. त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार पुढे जपानमध्ये नागोयाच्या मेइजो विद्यापीठात गेले, आणि तिथे योशिनोरी आंदो यांच्याबरोबर त्यांनी कापरापासून एकपदरी आणि बहुपदरी नॅनोट्यूब बनवून दाखवल्या. कापराची वाफ आणि लोहाचा उत्प्रेरक, नऊशे अंशांच्या आसपास. देवापुढचा कापूर किती स्वच्छ उडून जातो ते आपण सगळे बघतो. त्याच्या रेणूत कार्बन भरपूर असल्यामुळे तो वापरता येतो, आणि तो झाडापासून मिळतो हे विशेष. एरवी अॅसिटिलीन किंवा मिथेन वापरतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजयकुमार सूद आणि शंकर घोष यांनी २००३ मध्ये दाखवलं की नॅनोट्यूबच्या जुडीवरून द्रव वाहू दिला तर तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. तो रासायनिक सेन्सर नव्हे, प्रवाहमापक, पण मूळ कल्पना तीच: बाहेर घडणारं नळीला जाणवतं.

हर्षदा_के · सोमवार, दुपारी १२:२५

ताई, मी एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा (बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा) अमोनिया सेन्सर घेतलाय. हमर्स पद्धतीने ग्राफीन ऑक्साइड केलंय. गाइड म्हणतात पीपीबीतली (शंभर कोटी भागांत एक भाग) डिटेक्शन लिमिट, म्हणजे कळू शकणारं सर्वांत कमी प्रमाण, दाखवायला हवी, नाहीतर पेपर लागणार नाही. आमच्याकडे सर्वांत कमी २० पीपीएमच सोडता येतं. काय करू?

अणुरेणू · सोमवार, रात्री १०:१०

हर्षदा, तुझा प्रश्न या क्षेत्राच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

पीपीबीचा आकडा बहुतेक वेळा येतो कुठून? २०, ४०, ६०, १०० पीपीएमला प्रतिसाद मोजायचा, त्यातून सरळ रेषा काढायची, वायू नसताना सिग्नल किती थरथरतो ते मोजायचं, आणि त्या थरथरीच्या तिप्पट सिग्नल कुठल्या प्रमाणाला मिळेल ते रेषा खाली वाढवून काढायचं. गणित चूक नाही. पण ते गृहीत धरतं की २० पीपीएमच्या खालीही रेषा तशीच सरळ राहते. अशा पृष्ठभागांवर ती बहुधा राहत नाही, कारण सर्वांत घट्ट पकडणाऱ्या जागा आधी भरतात. तू आकडा जरूर दे, पण त्याच वाक्यात लिही: प्रत्यक्ष मोजलेलं सर्वांत कमी प्रमाण २० पीपीएम, त्याखालचं अनुमान. असं लिहिलेला पेपर वाचला की माझा विश्वास वाढतो.

दुसरं. तुमच्याकडे वाहक वायू कोणता आहे? कोरडा नायट्रोजन असेल तर निदान काही मोजमापं हवेत कर, आणि त्या हवेत बाष्प घाल. ग्राफीन ऑक्साइडवर ऑक्सिजनचे गट असतात, ते पाण्याला धरून ठेवतात. कोरड्या नायट्रोजनमध्ये अप्रतिम दिसणारा सेन्सर जुलैमधल्या मुंबईत दिवसभर फक्त आर्द्रता मोजत बसतो. २०, ५० आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला आलेख कसा सरकतो हे दाखवलंस तर तुझं काम पीपीबीचा आकडा सांगणाऱ्या शंभर पेपरांपेक्षा उपयोगी ठरेल.

तिसरं, तोच सेन्सर महिन्याभराने पुन्हा मोज. मूळ रोध किती सरकला ते लिही.

आणि एक काळजीचं. हमर्स पद्धतीत संहत सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट घालतेस तेव्हा मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं. ते ५५ अंशांच्या आसपास स्फोटक होऊ शकतं. बर्फाचं भांडं, चिमूट-चिमूट परमँगनेट आणि समोर ढाल, यांत घाई नको. कोरड्या नॅनोट्यूब हाताळायची वेळ आली तर फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). अमेरिकेच्या एनआयओएसएच संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या जागी हवेतल्या नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे.

हर्षदा_के · सोमवार, रात्री ११:०२

खूप खूप आभार ताई. बाष्प घालायचा बबलर लॅबमध्ये आहे, कुणी वापरत नाही. उद्याच जोडते.

सोल्डरगन · मंगळवार, सकाळी ८:४५

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. एकाच सेन्सरकडून ओळखीची अपेक्षा ठेवायचीच कशाला? वेगवेगळे लेप दिलेले आठ-दहा सेन्सर एकत्र ठेवा, त्यांच्या प्रतिसादांचा नमुना मशीन लर्निंगला शिकवा. आपल्या नाकातही प्रत्येक ग्राही एकाच वासाला बांधलेला नसतो, मेंदू नमुना ओळखतो.

अणुरेणू · मंगळवार, दुपारी १:३०

ही दिशा बरोबर आहे आणि तिच्यावर मोठं काम झालंय. नासाच्या एम्स केंद्रात जिंग ली आणि मेय्या मेय्यप्पन यांच्या गटाने नॅनोट्यूबवर निरनिराळे पॉलिमर आणि धातू चढवून सेन्सरांच्या रांगा बनवल्या. त्यांचा एक सेन्सर २००७ मध्ये मिडस्टार-१ या छोट्या उपग्रहातून अवकाशातही गेला. लेपाने काय साधतं त्याचं साधं उदाहरण: शुद्ध नळीला हायड्रोजन कळत नाही, पॅलेडियमचे कण चढवले की कळतो, कारण पॅलेडियम हायड्रोजनचा रेणू फोडून आत घेतं.

माझा आक्षेप काळानुसार होणाऱ्या बदलाबद्दल आहे. नमुना शिकवला जातो पहिल्या दिवशीच्या सेन्सरवर. तीन महिन्यांत प्रत्येक सेन्सर आपापल्या दिशेने सरकतो. दहा सेन्सर म्हणजे दहा सरकणाऱ्या रेषा. गणिताला वाटतं नवा वायू आलाय, आणि प्रत्यक्षात पावसाळा आलेला असतो.

सोल्डरगन · मंगळवार, दुपारी ३:५०

मान्य, सरकणं हा प्रश्न आहे. पण मग असंही बघा: बऱ्याच ठिकाणी ओळखीची गरजच नसते. अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये, तासगावच्या बेदाण्याच्या असो की नाशिकच्या द्राक्षांच्या, गळती होईल तर अमोनियाचीच होईल. तिथे 'काहीतरी अचानक वाढलं' एवढं कळलं तरी माणसं बाहेर काढता येतात.

अणुरेणू · मंगळवार, रात्री ९:१५

हे मात्र तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. संशयित एकच असेल तर ओळखीचं ओझं उतरतं, आणि अचानक झालेली मोठी वाढ सरकत्या आलेखातही दिसते. अमोनियाच्या सेन्सरला कार्बन खरंच योग्य आहे. एमआयटीत टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने २०१२ मध्ये नॅनोट्यूब दाबून पेन्सिलीच्या शिशासारखी कांडी केली, तिने कागदावर दोन इलेक्ट्रोडांमध्ये रेघ ओढली, आणि त्या रेघेला अर्धा पीपीएम अमोनिया कळला. असा सेन्सर स्वस्तात मिळाला तर एकाच्या जागी पन्नास लावता येतात, प्रत्येक व्हॉल्व्हशी एक.

उलट शहराची हवा मोजायची म्हटली तर सगळं अवघड. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली राष्ट्रीय मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४२ पीपीबी. तेवढं मोजणं कार्बनला जड नाही, पण भोवती ओझोन, बाष्प, वाहनांचा धूर सगळे एकदम बोलत असतात, आणि तिथे 'काहीतरी वाढलं' हे उत्तर पुरत नाही.

रावेरकर · बुधवार, सकाळी ६:३०

राम राम मंडळी. आमचं केळीचं रायपनिंग चेंबर आहे. कार्बाइड आम्ही वापरत नाही, त्यावर बंदी आहे आणि त्यातल्या आर्सेनिक-फॉस्फरसच्या अंशामुळे माणसालाही ते वाईट. इथिलीन सोडतो, १०० पीपीएमच्या आत. पण चेंबरमध्ये खरोखर किती आहे ते मोजायचं यंत्र महाग, आणि ते आर्द्रतेने लवकर खराब होतं. चेंबरमध्ये ओलावा नव्वद टक्क्यांवर ठेवावा लागतो. तुमच्या कार्बनमध्ये यावर काही उपाय आहे का?

अणुरेणू · बुधवार, दुपारी १२:००

राम राम काका. यावर थेट काम झालंय. इथिलीन हा शांत स्वभावाचा रेणू, नुसत्या नळीला तो कळत नाही. मग स्वॅगर यांच्या गटाने वनस्पतीकडेच पाहिलं. केळीला इथिलीन कसं कळतं? तिच्या पेशीतल्या इथिलीन-ग्राहीत तांब्याचा आयन असतो, इथिलीन त्यालाच धरतं. त्यांनी तांब्याचं एक संयुग नॅनोट्यूबमध्ये मिसळलं. एरवी ते संयुग नळीला बिलगून असतं. इथिलीन आलं की संयुग त्याला धरतं, नळीवरची पकड सुटते, रोध बदलतो. अर्ध्या पीपीएमपर्यंत इथिलीन त्यांना कळलं, आणि निरनिराळी फळं ठेवून त्यांच्या पिकण्याची अवस्था त्यांनी मोजून दाखवली. या धाग्यातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण हेच, कारण इथे ओळखीचा प्रश्न रसायनाने सोडवलाय.

तुमच्या कामाला ते आज जसंच्या तसं घ्या असं मात्र मी सांगणार नाही. तांब्याचं तसलं संयुग हवेत आणि ओलाव्यात किती टिकतं हा प्रश्न तुमच्या नव्वद टक्के आर्द्रतेत सर्वांत कडक होतो. तोवर इलेक्ट्रोकेमिकल इथिलीन मीटर वापरत असाल तर त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि अल्कोहोलचीही बाधा होते हे लक्षात ठेवा. चेंबरजवळ डिझेल जनरेटर असेल, किंवा फळ जास्त पिकून आंबलं असेल, तर आकडा फुगलेला दिसेल. आणि कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, ठरल्या वेळी हवा खेळवा. तो साठला की इथिलीन पुरेसं असूनही फळ नीट पिकत नाही.

रावेरकर · बुधवार, संध्याकाळी ७:२०

जनरेटर भिंतीलगतच आहे! आकडा रात्री का वाढतो ते आज कळलं. धन्यवाद ताई.

कामगारवस्ती · गुरुवार, रात्री १०:४०

मी सफाई कामगारांच्या संघटनेत काम करतो. धागा पहिल्यापासून वाचतोय, आज लिहायचं धाडस करतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरून माणसं मरतात त्या बातम्या तुम्ही वाचता. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असं उतरवायला मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख केली. तरी उतरवलं जातंच. इतकं शास्त्र पुढे गेलंय तर या माणसाच्या छातीवर लावता येईल असा एक सेन्सर का नाही?

अणुरेणू · गुरुवार, रात्री ११:५५

दादा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की तो सेन्सर आहे. कित्येक वर्षांपासून आहे. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार मोजणारा, तळहाताएवढा, कमरेला लावायचा मीटर तेल कंपन्यांत आणि रासायनिक कारखान्यांत रोज वापरला जातो. त्यात नॅनो काहीही नाही. इलेक्ट्रोकेमिकल सेल आणि तापलेल्या मण्याचा सेन्सर, दोन्ही जुने आणि खात्रीचे. तो मीटर ज्वालाग्राही टाकीवर चढणाऱ्याला मिळतो आणि चेंबरपाशी उभ्या माणसाला मिळत नाही, यात तंत्रज्ञानाची कुठलीच अडचण नाही. त्यामुळे कुणी 'नवीन ग्राफीन सेन्सर येतोय, मग बघू' असं सांगितलं तर ते मान्य करू नका. आज बाजारात आहे तोच मागा. आणि मुळात माणूस उतरवायचाच नाही, यंत्राने साफ करायचं, ही मागणी पहिली.

तुमच्या लोकांना सांगायच्या काही गोष्टी इथे लिहिते, कारण त्या जिवाशी संबंधित आहेत.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो तो अगदी कमी प्रमाणात. शंभर पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे जातो. पाचशेच्या वर तर शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून झाकण उघडून वरूनच मीटर दाखवणं निरुपयोगी. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही जागी मोजायचं. आणि एवढं करूनही सुरक्षित मानायचं नाही, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. मीटर पूर्ण वेळ चालूच हवा.

आकडे वाचताना ऑक्सिजन आधी बघायचा. तो २०.९ टक्के हवा, १९.५ च्या खाली धोका. आणखी एक कारण आहे: ज्वलनशील वायूचा मण्याचा सेन्सर वायू जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर तिथे मिथेन भरपूर असूनही तो कमी दाखवतो. हायड्रोजन सल्फाइड आणि सिलिकोन यांनी तो मणी निकामीही होतो, आणि निकामी झाला तरी पडद्यावर निवांत शून्य दिसत राहतं. म्हणून कामाआधी ओळखीचा वायू क्षणभर फुंकून अलार्म वाजतो का ते बघतात, त्याला बंप टेस्ट म्हणतात. ती न केलेला मीटर असून नसल्यासारखा.

शंकासुर · शुक्रवार, सकाळी ९:००

हे वाचून एक विचारावंसं वाटतं. जुनं तंत्र इतकं चालतंय, तर चेंबरसाठी कार्बनवर संशोधन करण्यात अर्थ आहे का?

अणुरेणू · शुक्रवार, दुपारी २:१५

आहे, आणि मी तेच करतेय. इलेक्ट्रोकेमिकल सेलचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, नंतर तो बदलावा लागतो. मीटरची किंमत आणि देखभाल ही ठेकेदाराच्या हातातली सबब होते. गंधकाला सोनं आवडतं, म्हणून नॅनोट्यूबवर सोन्याचे बारीक कण चढवले की हायड्रोजन सल्फाइडला चांगला प्रतिसाद मिळतो, तोही हीटरशिवाय. त्यातून बिल्ल्याएवढा, प्रत्येकाला देता येईल असा इशारा-सेन्सर करता आला तर तो चार वायूंच्या मीटरच्या जोडीला राहील. जोडीला म्हणतेय, बदली म्हणत नाही. इथे संशयित एक नाही, चार आहेत, आणि ऑक्सिजनची कमतरता माझ्या बिल्ल्याला कळणारच नाही.

दादा, तुम्हाला विचारायचं होतं. आम्ही प्रयोगशाळेत बसून रचना ठरवतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला काय हवंय?

कामगारवस्ती · शुक्रवार, रात्री ९:५०

ताई, आज बैठकीत चार जणांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं. पडदा नको, हात भरलेले असतात आणि आत अंधार असतो. नुसता बीपही नको, वर सक्शनची गाडी चालू असते, काही ऐकू येत नाही. अंगाला जाणवेल असं कंपन हवं. आणि सर्वांत महत्त्वाचं, इशारा वर उभ्या माणसालाही गेला पाहिजे, कारण खालचा पडला तर वरच्याला कळायला हवं की उतरायचं नाही. मैल्यात बुडून निघाला तरी चालला पाहिजे. धुता आला पाहिजे.

अणुरेणू · शनिवार, सकाळी १०:३०

सगळं लिहून घेतलं. वरच्या माणसाला इशारा जाणं हा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हता, तो आता पहिला. बुडून निघण्याचं काम सर्वांत अवघड: वायू आत जायला हवा आणि पाणी नको, म्हणजे टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा, आणि त्यावर चरबी बसली की तो बुजतो. चरबी बसवून मुद्दाम चाचणी घ्यावी लागेल. हर्षदा, तुझा बबलर जोडून झाला असेल तर ८० टक्के आर्द्रतेचे आलेख इथे टाक, आमच्याकडच्या आकड्यांशी ताडून बघू.

हर्षदा_के · शनिवार, दुपारी १:१०

जोडला ताई. ८० टक्क्यांना मूळ रोधच इतका सरकतोय की २० पीपीएमचा प्रतिसाद त्यात दिसत नाही, ६० पीपीएमपासून पुढे दिसतो. गाइडना दाखवलं, ते म्हणाले हाच आलेख पेपरात पहिला घेऊ. संध्याकाळी फोटो टाकते.